नवीन ब्रांचचा पिझ्झा खालून ओला का लागतो? सात महिने खाऊन झाल्यावरचा अनुभव

परवा रविवारी आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पिझ्झ्याचा तुकडा उचलला तर टोक एकदम खाली लोंबलं आणि सगळं चीज घसरून ताटात. त्यांनी तुकडा उलटा केला, बोट लावून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, याला खालून घाम आलाय." गेले सात महिने मला जे धड सांगता येत नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं, म्हणून आज बसून सगळं लिहून काढतेय.

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला त्यांचं नुकसान करायचं नाहीये. कोथरूडच्या गल्लीतलं सहा टेबलांचं जुनं दुकान, त्यांनी मागच्या मे महिन्यात सिंहगड रोडला आनंदनगरच्या बाजूला दुसरी ब्रांच काढली. आम्ही कर्वेनगरला राहायचो तेव्हा बारा वर्षं तिथेच जायचो, लेकाचे पहिले पाच वाढदिवस तिथेच झालेत. मग धायरीला फ्लॅट घेतला आणि जाणं तुटलं, कारण रविवारी संध्याकाळी राजाराम पुलावरून कोथरूडला जायचं म्हणजे तास गेला, आणि परत येताना दुसरा. त्यामुळे नवीन ब्रांचचा बोर्ड दिसला त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला होता, मी गाडीतूनच नवऱ्याला फोन केला होता.

आत्तापर्यंत तिथे बसून अकरा वेळा खाल्लंय आणि पाच वेळा पार्सल आणलंय, त्यामुळे एका दिवसाच्या अनुभवावरून बोलत नाहीये.

जागा छान आहे. एसी आहे, खुर्च्यांना पाठ आहे (जुन्याकडे स्टूल होते, आईंना त्रास व्हायचा), बाथरूम स्वच्छ. पार्किंग नाही, शनिवार-रविवार गाडी आतल्या गल्लीत लावून चालत या. गाणी फार मोठ्याने लावतात, सांगितलं की कमी करतात, दहा मिनिटांनी परत वाढतात.

आता पैशाचं. जुन्या ब्रांचला छोटा पिझ्झा १० इंची आहे, मार्गारिटा ३४० रुपये. नवीनला छोटा म्हणजे ९ इंची, ३६० रुपये. लोक म्हणतात एक इंचाने काय होतं. अहो, गोल वस्तू आहे ती! १० इंचीचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस इंच येतं आणि ९ इंचीचं साडेत्रेसष्टच्या आसपास, म्हणजे जवळजवळ १९ टक्के पिझ्झा कमी आणि वर वीस रुपये जास्त. चौरस इंचाला हिशोब केला तर तिकडे ४ रुपये ३३ पैसे, इकडे ५ रुपये ६६ पैसे, सरळ तीस टक्के महाग. १२ इंची ५६० ला आहे, तो ४ रुपये ९५ पैशाला पडतो, म्हणून आम्ही दोन छोटे घेण्याऐवजी एक मोठा घ्यायला लागलो. चौघांना भूक असेल तर वर अजून एक छोटा. हे लक्षात ठेवा, कारण या मोठ्या पिझ्झ्यानेच माझा खरा प्रॉब्लेम वाढवला, ते पुढे सांगते.

बिलात सर्व्हिस चार्ज लावतात, ७ टक्के, न विचारता. आमचं जूनमधलं बिल १२४० चं होतं, त्यावर ८६ रुपये ८० पैसे सर्व्हिस चार्ज आणि मग या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे सर्व्हिस चार्जवरसुद्धा जीएसटी. एकूण ९१ रुपये जास्तीचे. जीएसटी द्यायलाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तसं काढलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं. मी शांतपणे सांगितलं की काढा, काउंटरवरचा मुलगा म्हणाला मॅडम सिस्टीममधून येतं, मी म्हटलं मग १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, फोन करून विचारते, तेव्हा दोन मिनिटांत दुसरं बिल आलं. तेव्हापासून दर वेळी सांगावं लागतं आणि दर वेळी काढतात. ज्यांना सांगायला संकोच वाटतो त्यांचे पैसे मात्र जातात, हे मला अजिबात पटत नाही. टीप मी वेगळी देते, मुलाच्या हातात.

आणि ज्या गोष्टीने मी या ब्रांचशी बांधली गेले ती पण सांगते. आई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत. जुलैत आम्ही गेलो तेव्हा त्या म्हणाल्या मी नुसती लिंबू सोडा घेते, तुम्ही खा. ऑर्डर घेणाऱ्या मुलाने ते ऐकलं आणि म्हणाला, "आजी, सॉसमध्ये लसूण आहे, पण तुम्ही यायच्या आधी अर्धा तास फोन करा, मी तुमच्यासाठी टोमॅटोचा साधा सॉस वेगळा काढून ठेवायला सांगतो." मला वाटलं बोलायचं म्हणून बोलला. पुढच्या वेळी फोन केला तर खरंच काढून ठेवला होता, पळी पण वेगळी, आणि कापायचं चाक धुवून घेतलं होतं. कार्तिकीपर्यंत चार वेळा गेलो, चारही वेळा केलं, एक रुपया जास्त लावला नाही. आईंनी जाताना त्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला होता. अशी माणसं असलेल्या जागेबद्दल वाईट लिहायला जीव होत नाही, म्हणूनच हे एवढं सविस्तर लिहितेय.

तर तो घाम.

पहिल्याच वेळी जाणवलं होतं. पहिला तुकडा मस्त, दुसरा ठीक, तिसऱ्या तुकड्यापासून खालची बाजू दमट, चामट, आणि मधला भाग तर हातात धरवत नाही. जुन्याकडे शेवटचा तुकडासुद्धा उचलला की ताठ राहायचा, दातांखाली आवाज यायचा. चव तीच, सॉस तोच, चीजपण तेच वाटत होतं. मग फरक कुठे?

आधी मी पिठाला दोष दिला. विचारलं तर कळलं की गोळे रोज सकाळी कोथरूडवरून येतात. म्हटलं झालं, टेम्पोत ट्रॅफिकमध्ये अडकून पीठ जास्त आंबत असेल आणि मग बेस नीट उभा राहत नसेल. जून-जुलै मी हेच सगळ्यांना सांगत होते. ते मी आता मागे घेते, कारण कडेचा भाग दोन्हीकडे अगदी सारखाच फुगतो, आतून तशीच जाळी पडते. पीठ बिघडलेलं असतं तर कडेला आधी कळलं असतं.

मग ओव्हन. दोन्हीकडे दगडी तळाचा डेक ओव्हन आहे, तीनशे डिग्रीच्या आसपास चालवतात. हा काही नेपल्सचा लाकडाच्या भट्टीतला ६० ते ९० सेकंदांत होणारा पिझ्झा नाही, याला सहा-सात मिनिटं लागतात. माझं म्हणणं असं होतं की रविवारी ऑर्डरी एकावर एक येतात, प्रत्येक गार बेस त्या दगडातली उष्णता ओढून घेतो आणि दगडाला परत तापायला वेळच मिळत नाही. पंचवीस भाकऱ्या सलग थापल्या की तवा उतरतो ना, तसंच. म्हणून मुद्दाम एका मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला गेलो, दुकानात आमच्याशिवाय एकच टेबल. पिझ्झा आला, लगेच उचलून खाली बघितलं, सुंदर तपकिरी ठिपके, एकदम खरपूस. मी खूश. पाच मिनिटांनी तिसरा तुकडा उचलला आणि खालून ओला! म्हणजे भाजलं नीट जातंय, ओलं नंतर होतंय. गर्दीच्या दिवशी दगड उतरतो हे माझं अजूनही मत आहे, पण तो मोठा भाग नाही.

उत्तर जुन्या ब्रांचला मिळालं. दसऱ्याच्या खरेदीला लक्ष्मी रोडला गेलो होतो, येताना वाट वाकडी करून कोथरूडला थांबलो आणि नशिबाने ओव्हनसमोरचं टेबल मिळालं. तिथले काका लांब दांड्याच्या पाटीवर पिझ्झा बाहेर काढतात आणि थेट ताटात टाकत नाहीत. बाजूला एक उंच पायांची तारेची जाळी आहे, तिच्यावर ठेवतात. मग पुढचा पिझ्झा आत ढकलतात, कपाळ पुसतात, आणि मग तो जाळीवरचा उचलून लाकडी पाटावर घेऊन कापतात. मी मोबाईलवर मोजलं, जाळीवर चाळीस सेकंद, कधी पन्नास. बारा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर हे चाललं होतं आणि मी कधी बघितलं नव्हतं.

नवीन ब्रांचला काय करतात? काचेच्या मागे दिसतं, ओव्हनमधून काढला की सरळ स्टीलच्या ताटात, ताटातच कापायचा, आणि टेबलावर. एसीत पडलेलं गार स्टीलचं ताट आणि त्यावर कडकडीत गरम बेस. बेसमधलं पाणी वाफ होऊन खाली निघतं, जायला जागा नाही, ताटाला लागून त्याचं पाणी होतं आणि तेच बेस परत पितो. ताट रिकामं झाल्यावर बघा, थेंब दिसतात. आपल्या घरात प्रत्येक बाईला हे माहीत आहे. गरम पोळी नुसत्या स्टीलच्या डब्यात टाकली की तळाची पोळी ओली होते, म्हणून आपण खाली कापड घालतो, भाकरी दुरडीत ठेवतो, निदान तव्यावरून काढून उलथन्याला टेकवून उभी करतो. तोच नियम पिझ्झ्याला.

आणि ताज्या मोझरेलात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, मशरूममध्ये तर नव्वद टक्क्यांच्या वर. पिझ्झा जितका मोठा आणि वर जितका भार, तितकी मधली वाफ बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणजे पैसे वाचवायला मी १२ इंची मशरूम-कॉर्न मागवत होते आणि तोच सगळ्यात ओला निघत होता. याचं मला फार वाईट वाटलं, कारण हिशोब माझा बरोबर होता.

घरी खात्री करून घेतली. पार्सल आणलं, अर्धा पिझ्झा पापड भाजायच्या जाळीवर, अर्धा स्टीलच्या ताटात. पाच मिनिटांनी लेकाला डोळे मिटून दोन्ही तुकडे दिले, त्याने पहिल्या घासात जाळीवरचा ओळखला. (पार्सल घेणाऱ्यांसाठी: गाडीत बसल्या बसल्या खोक्याचं झाकण थोडं उघडं ठेवा. ओला झालाच तर लोखंडी तवा चांगला तापवून, तेल न लावता, दोन मिनिटं ठेवा आणि झाकण अजिबात घालू नका, नाहीतर परत वाफ धरते. लहानपणी बेकरीतला तयार बेस आणून वर केचप आणि अमूल चीज किसून आपण तव्यावर झाकण ठेवून करायचो तो पिझ्झा आठवा, कसा मऊ व्हायचा.)

मग नोव्हेंबरात मी नवीन ब्रांचच्या मॅनेजरदादांशी बोलले. ते म्हणाले, "ताई, सगळं सेम टू सेम आहे, ओव्हन पण त्याच कंपनीचा." मी म्हटलं दादा, ओव्हन आहे, पीठ आहे, जाळी नाहीये. त्यांना आधी कळेचना. मी फोनमधला कोथरूडचा फोटो दाखवला. त्यांनी आत हाक मारली, तर तो सॉसवाला मुलगाच केक गार करायची जाळी घेऊन आला, वाटी उलटी घालून ती उंच केली आणि आमचा पिझ्झा तीस सेकंद तिच्यावर ठेवून मग कापून आणला. शेवटचा तुकडा मी मुद्दाम दहा मिनिटांनी खाल्ला. ताठ. कोथरूडसारखाच! आई म्हणाल्या, "आता बरोबर झाला बघ." डिसेंबरात दोनदा गेलो, दोन्ही वेळा न सांगता जाळीवर ठेवला होता, दुसऱ्या टेबलांनासुद्धा. मी तेव्हा पाचपैकी पाच द्यायचे ठरवले होते.

आणि परवा परत घाम. तो मुलगा दिसला नाही, विचारलं तर म्हणाले तो आता सकाळच्या शिफ्टला असतो. जाळी काचेतून दिसत होती, ओव्हनच्या बाजूलाच, आणि तिच्यावर सॉसचे दोन डबे रचून ठेवले होते. मी सांगितलं, त्यांनी सॉरी म्हणून पिझ्झा बदलून दिला, वाद घातला नाही. पण दुसरा पिझ्झा येईपर्यंत लेकाचं खाऊन झालं होतं आणि चौघांनी एकत्र खायची मजा गेली.

सध्या साडेतीन देतेय. जायचं असेल तर मंगळवार-बुधवार संध्याकाळी सातच्या आत जा, १२ इंची साधा मार्गारिटा मागवा, ऑर्डर देतानाच सांगा की कापायच्या आधी जाळीवर ठेवा, आणि बिल नीट वाचा.

पुढच्या शनिवारी आईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे, चौदा जण आहोत. त्यांना आनंदनगरच पाहिजे, त्या मुलासाठी. उद्या सकाळी फोन करून विचारणार आहे की शनिवारी संध्याकाळी तो आहे का, आणि नसेल तर जाळीवरचे डबे कोण उचलणार.