वाकड्या बोटांखालची सिलिकॉन उशी: उपयोग कुठे, कुठे नाही

हॅमरटोमध्ये पायाचं बोट मधल्या सांध्यात वाकतं, सांधा बुटाच्या छताला घासतो आणि तिथे घट्टा पडतो. ही उशी बोटांखालच्या खाचेत बसते, तिची कडी मधल्या बोटात अडकवायची. टोकावर पडणारा भार उशी घेते, त्यामुळे नखाजवळची ठणक बरीच कमी होते.

आधी बोट हाताने सरळ करून पाहा. सरळ होत असेल तरच आराम पुरेसा मिळतो. ताठरलेला सांधा कोणतीही उशी सरळ करत नाही, आणि लवचिक बोटही ती कायमचं सरळ करत नाही, हे डबीवर छापायला हवं होतं!

डावी-उजवी वेगळी असते, उलटी घातली तर जाड कड चुकीच्या बोटाखाली येते. फार जाड उशी बोट वर उचलते आणि घट्टा जास्तच घासतो. म्हणून बूट पुढून रुंद व उंच हवा, सर्वांत लांब बोटापुढे साधारण 1 सेंटीमीटर जागा ठेवून. पहिल्या दिवशी तासभरच वापरा. बोट निळसर किंवा बधिर झालं तर कडी घट्ट आहे, लगेच काढा. रोज साबणाने धुऊन पूर्ण वाळवा.

मधुमेह असेल किंवा पायाची संवेदना कमी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.