राडारोड्याची खडी, वाळू आणि पेव्हर ब्लॉक: सोसायटीच्या कामात काय घ्यावं

पाडकामाचा राडारोडा फोडणाऱ्या प्लांटमधून मुख्यतः तीन वस्तू विकायला येतात. जाहिरात ब्लॉकची होते, पण पैसे वसूल करते ती खडी.

या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, म्हणून ती पाणी पिते. आदल्या दिवशी भिजवून, निथळवून वापरावी. कोरडीच मिक्सरमध्ये टाकली तर माल लगेच आवळतो, मिस्त्री वरून पाइपने पाणी सोडतो आणि काँक्रीटची ताकद तिथेच जाते. आयएस ३८३ (२०१६) या भारतीय मानकानुसार एम-१५ च्या खालच्या काँक्रीटला (‘एम’चा आकडा म्हणजे ताकदीची प्रत) एकूण खडीच्या शंभर टक्के ही खडी चालते. त्यामुळे १:३:६ च्या पीसीसीला, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटला, बिनधास्त घ्या. आरसीसीला (सळईच्या काँक्रीटला) मात्र एम-२५ पर्यंतच, २० टक्क्यांपर्यंतच, आणि तीही निव्वळ काँक्रीट फोडून काढलेली. विटांचे लाल तुकडे मिसळलेली खडी स्लॅबला नको. ढिगातले पांढरे तुकडे नखाने ओरखडून पाहा. सहज ओरखडा पडला तर ते पीओपी. त्यातल्या सल्फेटची सिमेंटशी क्रिया होते, काँक्रीट फुगतं आणि तडकतं. असा ढीग परत पाठवा.

वाळू प्लास्टरला घेऊ नका. बारीक भुकटी जास्त असल्याने पाणी जास्त लागतं आणि केसासारख्या भेगा पडतात. चर भरायला ठीक.

ब्लॉकचं काय? घोटीव दिसण्यावर जाऊ नका, वजन करा. कडक उन्हात वाळवलेला ब्लॉक तोलून चोवीस तास बुडवा, पुसून पुन्हा तोला. आयएस १५६५८ ची सरासरी मर्यादा ६ टक्के आहे, म्हणजे २.७ किलोच्या ब्लॉकमागे साधारण १६० ग्रॅम. घरचा हा अंदाज त्याच्या बराच वर गेला तर लॅबचा रिपोर्ट मागा. पृष्ठभागावर तांबूस ठिपके असतील तर प्लांटच्या लोखंड वेचणाऱ्या चुंबकातून निसटलेल्या बाइंडिंग वायरचा (सळया बांधायच्या तारेचा) गंज समजावा. तो दिसायला वाईट, बाकी निरुपद्रवी.

पार्किंगला ६० मिमी पुरे, पण टँकर येत असेल तर ८० मिमीच घ्या. ब्लॉक खचतात ते बहुतेक वेळा खालच्या थरामुळे. दाबलेल्या खडीचा १५० मिमी थर, त्यावर ३० मिमी वाळू, कडेला पक्का कर्ब (काठाचा बांध), असं हवं. हा खडीचा थर प्लांटचीच मिश्र खडी वापरून करा. इथे विटांचे थोडे तुकडे चालतात. रोलरखाली चुरा होऊ लागला तर मात्र ती गाडी उतरवून घेऊ नका. दर कमी असतो, पण प्लांट लांब असेल तर वाहतुकीचं भाडं तो फरक खाऊन टाकतं. आधी साइटपोच दर विचारा.