27 वर्षांनी परत वॉटरकलर, आणि आर्शचा कॉटन पेपर

27 वर्षं इंटिरियरचं काम केलं. साइट, सुतार, सनमायकाचे शेडकार्ड, क्लायंटचे फोन यातच दिवस जायचा. शाळेत इंटरमिजिएटला ए ग्रेड होती, पण नंतर हाताने रंगवणं फक्त प्रेझेंटेशनपुरतं उरलं आणि सगळं कॉम्प्युटरवर गेल्यावर तेही सुटलं. यंदा काम कमी केलं आणि ठरवलं की आता वॉटरकलर.

सुरुवातीला एक स्वस्त पॅड घेतलं होतं, नाव नको. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा मोठा सपाट हात, टाकला की कागद पापडासारखा वाकायचा, पाणी खोलगटात साचायचं, दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की लगेच कागदाचे गोळे निघायचे. दोन महिने मला वाटत होतं की हातच गेला आपला, खूप वाईट वाटायचं खरं सांगते.

मग अप्पा बळवंत चौकातून आर्शचा 300 जीएसएमचा (जाड, चौरस मीटरला 300 ग्रॅम) कोल्ड प्रेस्ड, म्हणजे मध्यम दाण्याचा, ब्लॉक आणला, 9 बाय 12 इंची. फ्रान्सचा कागद, 100 टक्के कॉटन. व्हिनियर घेताना मी आधी हात फिरवून बघते, तसाच यावर फिरवला. दाणा आहे पण एकसारखा छापल्यासारखा नाही, कुठे दाट कुठे विरळ, खादीच्या कापडासारखं लागतं हाताला. ओला केला की हलका लोकरीसारखा वास येतो, तो जिलेटिनचा. सायझिंग, म्हणजे कागदाने पाणी लगेच पिऊ नये म्हणून दिलेली खळ, जिलेटिनचं आहे आणि ते नुसतं वरवर नाही तर आतपर्यंत आहे, म्हणून रंग लगेच शोषला जात नाही, वर राहतो, हलवता येतो. (जिलेटिन प्राणिजन्य असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी लक्षात ठेवा.)

पहिलं चित्र मेणवलीच्या घाटाचं केलं. पावसात ओल्या झालेल्या काळ्या पायऱ्या, त्यासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, काळा रंग घेतलाच नाही. ओल्या कागदावर दोन्ही सोडले आणि अल्ट्रामरीनचे कण त्या दाण्यात बसत गेले, दगडाचा खडबडीतपणा आपोआप आला, मी नुसती बघत बसले. एक पायरी फार गडद झाली होती, वाळल्यावर ओल्या ब्रशने घासून टिश्यूने टिपली, बराचसा रंग उचलला गेला आणि कागदाला काही झालं नाही. इतकी वर्षं प्रत्येक रेघ मिलिमीटरमध्ये मोजली, इथे पाण्याला त्याचं काम करू द्यायचं हे मला या कागदाने शिकवलं.

ब्लॉक चारही कडांनी चिकटवलेला असतो म्हणून कागद आधी भिजवून फळीवर ताणून घ्यायची (स्ट्रेच करायची), टेप लावायची गरज नाही. ओला असताना थोडा फुगतो पण वाळला की परत ताठ. पूर्ण वाळल्यावरच बोथट सुरी घालून काढा, एका बाजूला छोटी फट सोडलेली असते तिथून.

स्वस्त नाहीये अजिबात. पण रंग साधे वापरले तरी चालतील, पैसे कागदावर घाला असं मी परत सुरू करणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. सराव मी मागच्या बाजूवर करते, तीही छान चालते. आणि पावसाळ्यात ब्लॉक प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा, दमटपणाने सायझिंग गेलं की वॉशमध्ये ठिपके ठिपके उमटतात.

माझ्या ब्लॉकमधले 20 पैकी 6 कागद उरलेत, पुढचा 12 बाय 16 घेणार.