डोव्हरची जलवाहतूक माहिती सेवा: उत्तम, पण तिच्या मर्यादा ओळखून वापरावी

न्हावा शेवाहून रॉटरडॅमकडे जाणारे जहाज इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत शिरते, तेव्हा ते जगातील सर्वाधिक वर्दळीच्या जलमार्गांपैकी एका मार्गावर आलेले असते. येथून दिवसाला ४०० हून अधिक व्यापारी जहाजे जातात आणि त्यांना आडव्या छेदत डोव्हर-कॅले फेरीबोटी सतत चालू असतात. ब्रिटनचे डोव्हर कोस्टगार्ड आणि फ्रान्सचे ग्री-ने केंद्र मिळून येथे जी माहिती सेवा चालवतात, तिच्याविषयी माझे मत अत्यंत अनुकूल आहे.

जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांसाठी येथे १९६७ पासून स्वतंत्र लेन आखलेल्या होत्या, परंतु त्या पाळण्याची सक्ती नव्हती. जानेवारी १९७१ मध्ये ‘टेक्साको कॅरिबियन’ हा टँकर ‘पाराकास’शी टक्कर होऊन बुडाला, दुसऱ्याच दिवशी ‘ब्रँडेनबुर्ग’ त्याच्या अवशेषांवर आदळून बुडाले आणि पुढच्या महिन्यात ‘निकी’चीही तीच गत झाली. तिन्ही जहाजांवरील मिळून ५१ माणसे गेली. १९७२ मध्ये ही सेवा सुरू झाली आणि १९७७ पासून लेनचे नियम आंतरराष्ट्रीय कायद्याने बंधनकारक झाले.

ईशान्येकडे जाणाऱ्या, ३०० किंवा अधिक ग्रॉस टनेजच्या (जहाजाच्या एकूण आकारमानाचे माप) जहाजाने रेडिओच्या चॅनल १३ वर ग्री-नेला कळवायचे असते, तर नैर्ऋत्येकडे जाणाऱ्याने चॅनल ११ वर डोव्हरला. डोव्हरचे प्रसारण दर तासाला होते आणि दृश्यमानता दोन मैलांखाली गेली की अर्ध्या तासाला. त्यात धुके, जागेवरून हललेले बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या मार्गखुणा) यांची माहिती असतेच. पण सर्वांत मोलाचा भाग म्हणजे नियम १० (टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला लेनविषयीचा नियम) मोडून उलट्या दिशेने येणाऱ्या जहाजाचे स्थान, दिशा आणि वेग. रडारवरचा एखादा ठिपका असा वागतो आहे, हे आधीच कळणे किती महत्त्वाचे असते, ते रात्रीच्या वॉचवर उभ्या असलेल्याला सांगावे लागत नाही.

तरीही ही सेवा माहिती देते, जहाज चालवत नाही. नवे अधिकारी पुष्कळदा असे धरून चालतात की आपण योग्य लेनमध्ये आहोत म्हणजे वाट आपलीच. नियम १० असा कोणताही अग्रहक्क देत नाही. २० मीटरपेक्षा लहान नौका, शिडाच्या नौका आणि मासेमारी करत असलेल्या नौका यांनी लेनमधील यांत्रिक जहाजाला अडथळा करू नये, एवढेच तो सांगतो. मोठ्या फेरीबोटीला ते लागू नाही. ईशान्येकडे जाताना कॅलेहून निघालेली फेरी उजवीकडून येते आणि टक्करीचा धोका असेल तर लेनमधल्या जहाजानेच तिला वाट द्यायची असते. हा निर्णय रेडिओवरून कोणी घेऊन देणार नाही. म्हणून सामुद्रधुनीत शिरण्यापूर्वीचे एक प्रसारण पूर्ण ऐकावे, उल्लेखलेली जहाजे नकाशावर मांडून ठेवावीत आणि त्यानंतर प्रत्येक आडव्या जहाजाचे बेअरिंग (ते आपल्यापासून नेमक्या कोणत्या दिशेला दिसते ते) स्वतः घेत राहावे.