आधी ‘अ ग्विल’ की आधी ‘क्राइथ’?

वेल्श भाषेतली पोलिसी मालिका बघायची ठरवली की दोन नावं हमखास पुढे येतात. घोळ असा, की दोन्हींना दोन-दोन नावं आहेत. ‘अ ग्विल’ इंग्रजीत ‘हिंटरलँड’ झाली आणि ‘क्राइथ’ झाली ‘हिडन’. शोधताना दोन्ही नावांनी शोधा. ‘ग्विल’ म्हणजे तिन्हीसांज, ‘क्राइथ’ म्हणजे व्रण. (‘ग्विल’मधला शेवटचा ल आपल्याकडे नाही. जीभ ‘ल’च्या जागी टेकवायची आणि बाजूने नुसती हवा सोडायची. मला अजून जमलेला नाही.)

वेळेच्या हिशोबात दोघी सारख्याच. ‘अ ग्विल’चे तीन सीझन मिळून तेरा भाग, प्रत्येक साधारण दीड तासाचा. ‘क्राइथ’चेही तीनच सीझन, आठ, सहा आणि सहा असे वीस भाग, प्रत्येकी तासाभराचे. म्हणजे कुठलीही निवडा, वीसेक तास गेलेच. एड टॅल्फन हे दोन्ही मालिकांच्या निर्मात्यांपैकी एक, त्यामुळे घराणंही एकच. तरी बघण्याचा अनुभव अगदी वेगळा.

‘अ ग्विल’ आली २०१३ मध्ये. अ‍ॅबरिस्टविथ हे वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं विद्यापीठाचं गाव, आणि त्याच्या पाठीमागे पसरलेला केरेडिगियनचा ओसाड डोंगराळ मुलूख. लंडनची नोकरी सोडून टॉम मथायस हा पोलीस अधिकारी इथे येतो आणि कड्यावरच्या एका कॅरॅव्हॅनमध्ये एकटा राहायला लागतो. रिचर्ड हॅरिंग्टनने त्याचं काम केलं आहे: कमी बोलणारा, पहाटे एकटाच पळायला जाणारा, घरची एक जखम लपवून फिरणारा. हा साचा आपण पूर्वी पाहिलेला आहे, हे कबूल करायला हवं. त्याच्याबरोबरची मारेद रीस (माली हॅरिस) मला जास्त खरी वाटते. ती तिथलीच आहे. कुणाचं शेत कुठे आणि कुणाचं कुणाशी वाकडं, हे तिला विचारावं लागत नाही.

साधारणपणे एका भागात एक गुन्हा, आणि तो त्याच भागात निकालात निघतो. पहिलीच केस पोन्तारवनाखची, इंग्रजीत ज्याला ‘डेव्हिल्स ब्रिज’ म्हणतात तिथली. खोल घळ, पाण्याचा लोट, वरती एकमेकांवर रचलेले तीन पूल आणि जवळच मुलांचं जुनं अनाथालय. हे अनाथालय नीट लक्षात ठेवा. खरं सांगायचं तर खुनी कोण, हे मी बऱ्याच भागांत विसरून गेलो आहे. ती घळ, पावसात काळवंडलेल्या मेंढपाळांच्या वाड्या आणि दार ठोठावल्यावर आत न बोलावता उंबऱ्यातच उभी राहणारी माणसं मात्र विसरलो नाही.

‘क्राइथ’ २०१८ ची, आणि उत्तरेकडची. बँगर शहर, स्नोडोनियाचे डोंगर, स्लेटच्या खाणींचा मुलूख. इन्स्पेक्टर कॅडी जॉन (शान रीस-विल्यम्स) आजारी वडिलांची काळजी घ्यायला परत आली आहे. वडीलही निवृत्त पोलीसच. नदीत एका तरुणीचा मृतदेह सापडतो, आणि ती बऱ्याच वर्षांपूर्वी बेपत्ता झालेली असते. इथवर सगळं ओळखीचं. पण गुन्हेगार कोण हे मालिका आपल्याला सुरुवातीलाच दाखवून टाकते. त्याचं घर, त्याची लहान मुलगी, त्याला धाकात ठेवणारी त्याची आई, सगळं डोळ्यांसमोर असतं. पोलिसांना ठाऊक नसतं, आपल्याला असतं. पुढचे सगळे भाग ‘कोण’वर नाही, ‘कसा झाला हा असा?’ यावर चालतात.

त्या गुन्हेगाराचं, डिलन हॅरिसचं, काम करणारा रोड्री मेइलिर वेल्समधल्या लहान मुलांना ‘रॅप्सगालियन’ म्हणून माहीत होता: सोनेरी कपड्यांत रॅप करत माहिती सांगणारा! आणि आईच्या भूमिकेत जिलियन एलिसा, ‘पोबोल अ कुम’ या १९७४ पासून चालत आलेल्या घरोघरच्या मालिकेतली सब्रिना. तिथल्या प्रेक्षकांना हा धक्का केवढा बसला असेल, ते आपल्याला पुरतं कळायचं नाही. पण ते कळलं नाही तरी ही दोघं अंगावर काटा आणतात. माझं मत विचाराल तर नाटक म्हणून ‘क्राइथ’ सरस. मात्र कोंडून ठेवलेल्या बाईचे प्रसंग ज्यांना सोसत नाहीत, त्यांनी पहिल्या सीझनच्या वाटेला जाऊ नये. आणि जेवताना बघायची ही मालिकाच नव्हे. ‘अ ग्विल’ एक वेळ चालेल.

आता भाषेचा प्रश्न, जो अनेक जण विचारतच नाहीत. दोन्ही मालिकांमधले प्रसंग त्याच नटांनी दोनदा केले आहेत, एकदा वेल्शमध्ये आणि एकदा इंग्रजीसाठी. डबिंग नाही. एस-फोर-सी या वेल्श वाहिनीवर (१९८२ पासून सुरू) वेल्श आवृत्ती आणि बीबीसीवर दुसरी. ‘हिडन’ पूर्ण इंग्रजीही नाही. घरात वेल्श बोलणारी माणसं तिथेही वेल्शच बोलतात. इंग्रजी आवृत्ती सोपी पडेल, पण मिळत असेल तर वेल्श घ्या आणि सबटायटल्स लावा. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये ही भाषा बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले, म्हणजे शंभरात अठराही नाहीत. मथायस दार ठोठावून वेल्शमध्ये बोलतो तेव्हा तो त्या घराचा अर्धा पाहुणा होतो. इंग्रजीत बोलला की नुसता पोलीस. आणि कान दिलात तर गंमतही सापडेल: ‘आत्ता’ला दक्षिणेत ‘नऊर’ म्हणतात आणि उत्तरेत ‘रुअन’. रोमन लिपीत (nawr, rwan) ही एकाच शब्दाची उलटसुलट अक्षरं!

पोलिसी मालिका नकोच असेल तर तिसरा पर्याय ‘इन बोरे मेर्खेर’, इंग्रजीत ‘कीपिंग फेथ’. वकील नवरा एका बुधवारी सकाळी घरातून जातो तो गायबच होतो, आणि बायको त्याचा माग काढते. बायकोच्या भूमिकेसाठी ईव्ह माइल्स ही अभिनेत्री वेल्श शिकली, आणि तिचा पिवळा रेनकोट भलताच गाजला. पहिला सीझन झकास, पुढे पाणी वाढत जातं.

क्रमाचं एवढंच. ‘क्राइथ’च्या दर सीझनला गुन्हा वेगळा. त्यामुळे पहिला झेपणार नसेल तर थेट दुसरा लावा. ब्लायनाइ फेस्टिन्योग या गावातल्या निवृत्त शिक्षकाच्या खुनाची आणि तीन भरकटलेल्या पोरांची गोष्ट स्वतंत्रपणे कळते. ‘अ ग्विल’मध्ये मात्र मधले भाग गाळलेत तरी पहिला गाळू नका, कारण तिसऱ्या सीझनचा शेवट त्या अनाथालयाशीच येऊन थांबतो.