पूर-अनुदानाच्या ‘फाइली’त घातलेले चार लाख

आधी हिशेब. दिले 4,00,000, परत आले 50,000, बुडाले 3,50,000.

2021 च्या महापुराचा चिखल मारुती चौक, हरभट रोडवरून निघाला आणि सांगलीत या ‘फाइली’ फिरायला लागल्या. दुकानदाराचा पंचनामा झालाय, 50,000 मंजूर आहेत, पण जमा व्हायला तीन महिने. त्याला आज रोख पाहिजे. तुम्ही 40,000 द्या, अनुदान आलं की 50,000 तुमचे. पहिल्या फाइलीचे नव्वदाव्या दिवशी आले. कुणाच्या पैशातून, ते सांगायला नको. मग एकदम नऊ फाइली, 3,60,000. माणूस ओळखीचा, पंचनाम्यावर शिक्का, पाचशेच्या स्टँपवर नोटरी. हाव म्हणायची तर म्हणा. एफडीला तेव्हा सहा टक्केसुद्धा मिळत नव्हते.

नऊपैकी दोन फाइली टपऱ्यांच्या होत्या. एक पानाची, एक चहाची. रक्कम प्रत्येकी 50,000. आणि 2021 च्या पुराचा शासन निर्णय काय म्हणत होता? दुकानदाराला नुकसानीच्या 75 टक्के, कमाल 50,000. टपरीला कमाल 10,000! तो निर्णय माझ्या मोबाईलमध्ये होता, वाचलेला होता. बरं, 75 टक्क्यांनी 50,000 व्हायला नुकसान 66,667 रुपयांचं लागतं. चहाच्या टपरीत एवढं असतं काय? साधा भागाकार. तो केला नाही. ‘टपऱ्यांना वाढीव मिळालंय’ म्हणून एक पत्र दाखवलं, ते बघून मान हलवली. खऱ्या निर्णयावर 18 अंकी सांकेतांक असतो, पहिले आठ आकडे म्हणजे तारीख. शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकला की निर्णय निघतो. त्या पत्रावर सांकेतांकच नव्हता.

अनुदान बाधिताच्याच खात्यात जातं. मध्ये तुम्ही कुठेच नसता. नोटरी फक्त सही कुणाची ते बघतो, मजकूर खरा की खोटा ते नाही.

‘सिक्युरिटी’चा चेक दिला होता. ‘थोडं थांबा, लावू नका’ ऐकत बसलो आणि तीन महिने उलटले, चेक शिळा. मुदतीत लावायचाच. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, पुढे पैसे द्यायला 15 दिवस, तेही चुकले तर महिन्याच्या आत कोर्ट.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलिसांत एका ठिकाणी म्हणाले, हा दिवाणी वाद. दुसरीकडे, रक्कम लहान, खाली जा. खाली गेलो तर वर जा. महसूलवाले म्हणाले, तुम्ही लाभार्थी नाही, तुमचा संबंध काय? एमपीआयडी कायदा 1999 चा आहे, ठेवीदारांसाठीच केलेला. त्याचं नाव काढलं तर साहेब म्हणाले, आधी वीस जण गोळा करून आणा. गुन्हा शोधायचा आम्ही, फिर्यादी गोळा करायचे आम्ही, झेरॉक्सही आमच्याच खर्चानं. जे फसलेत त्यांनी वेगवेगळे नका जाऊ, एकाच दिवशी जा, आणि अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या.

अर्ज अजून ‘चौकशीवर’ आहे. परवा पंचनाम्याची मूळ प्रत मागितली. कुठून आणू? पंचनाम्यातल्या पत्त्यावर दुकानच नाही, देवळाची मागची भिंत आहे.