लिनक्सवर विंडोज चालवायचंय, तर व्हर्च्युअलबॉक्स घ्यावं, केव्हीएम की व्हीएमवेअर?

आमच्या दर्यापूर तालुक्यात सध्या बऱ्याच जणांचं एकच दुखणं आहे. कॉम्प्युटर जुना, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाह्यजे अन् ते त्या मशीनमधे नाही, मग कोणीतरी लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून देतो आणि मशीन मस्त पळायला लागते. पण कृषी केंद्राचं टॅली विंडोजवरच चालते ना बा. अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर बी तसंच. मग लिनक्सच्या पोटात विंडोज बसवायचं, त्यासाठी तीन मोठे पर्याय आहेत आणि मी तिन्ही वापरून पाह्यलेत.

सॉफ्टवेअर निवडायच्या आधी एक काम करा. टर्मिनलमधे एलएससीपीयू कमांड मारा आणि व्हर्च्युअलायझेशनच्या ओळीत व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही (आत दुसरी सिस्टीम चालवायची प्रोसेसरची सोय) दिसते का पाहा. दिसत नसेल तर बहुतेक ते बायोसमधे (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधे) बंद असते, चालू करून घ्या, नाहीतर तिघांपैकी काहीही टाका, मशीन बैलगाडीसारखीच चालणार. रॅम ८ जीबी तरी पाह्यजे, त्यातली ४ विंडोजला द्यायची. आणि हार्डडिस्क जुनी फिरणारी असेल तर पैसे आधी एसएसडीवर घाला, बाकीचं नंतर.

आता व्हर्च्युअलबॉक्स. ज्याने हे कधीच केलं नाही त्याला हेच सगळ्यात लवकर समजते. पुढे पुढे क्लिक करत जा, विंडोज बसलं, गेस्ट अॅडिशन (आतल्या विंडोजमधे टाकायचे मदतीचे ड्रायव्हर) टाकले की शेअर्ड फोल्डर चालू, कॉपी-पेस्ट चालू. शिवाय हेच सॉफ्टवेअर विंडोजवरही चालते, म्हणून भावाच्या कॉम्प्युटरवर बनवलेली मशीन (म्हणजे आत बसवलेलं अख्खं विंडोज) एक्स्टर्नल हार्डडिस्कवर घालून आपल्याकडे आणता येते, इथं नेटची रेंज कशी आहे ते पाहता हे लय कामाचं आहे. आधी यूएसबी २ आणि ३ साठी वेगळा एक्स्टेन्शन पॅक लागायचा, ७.० पासून ते मूळ सॉफ्टवेअरमधेच आलं, त्यामुळे अंगठ्याच्या मशीनसाठी पॅक टाकायची गरज नाही, फक्त आपला यूजर व्हीबॉक्सयूजर्स ग्रुपमधे घालावा लागते. दुकानवाल्यांनी तर तो पॅक टाकूच नये, तो फुकट आहे तो घरगुती वापरापुरता, धंद्यासाठी त्याचं लायसन विकत घ्यावं लागते.

याची खरी अडचण कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची आहे. व्हर्च्युअलबॉक्सचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा, त्यामुळे कर्नल अपडेट झाला की तो परत बनवावा लागते. बहुतेक वेळा आपोआप बनते, पण सिक्युअर बूट (सही असलेलेच ड्रायव्हर चालू देणारी सोय) चालू असेल तर सहीची भानगड येते, आणि एखाद्या सकाळी गिऱ्हाईक समोर उभं असताना विंडोज उघडतच नाही. कर्नल ६.१२ पासून आणखी एक झालं, केव्हीएम लोड होतानाच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय आपल्या ताब्यात घेते आणि व्हर्च्युअलबॉक्सला एरर येऊ शकते, तसं झालं तर केव्हीएम बंद ठेवा नाहीतर बूटच्या वेळी कर्नलला सेटिंग द्या. ज्याला हे जमते त्याला काही नाही, पण दुकान सांभाळणाऱ्या माणसाने हे काऊन शिकत बसावं?

केव्हीएमचं म्हणूनच मला पटते. ते लिनक्सच्या कर्नलमधेच आहे, २००७ पासून, २.६.२० या आवृत्तीत आलं. अपडेट कितीही करा, ते सोबतच येते. वरून चालवायला व्हर्ट-मॅनेजर घ्यायचा, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधेच मिळते, पूर्ण फुकट, धंद्यालाही. यूएसबीचं डिव्हाइस यादीतून निवडून विंडोजला जोडता येते, टीपीएमही नकली बनवून देते (ते बाकी दोघांतही जमते, त्यावर अडू नका).

पण पहिला दिवस त्रासाचा आहे, तो लपवत नाही. डिस्क व्हर्टआयओ (केव्हीएमचा वेगवान प्रकार) ठेवली तर विंडोज बसवताना डिस्क दिसतच नाही, व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ फाइल दुसऱ्या सीडीसारखी जोडून तिथून ड्रायव्हर लोड करावा लागते. अर्धे लोकं इथंच सोडून देतात. करा एवढं, कारण नंतर डिस्क अन् नेटचा स्पीड यानेच मिळते. कॉपी-पेस्टसाठी आत स्पाइस गेस्ट टूल्स टाका. शेअर्ड फोल्डर मात्र व्हर्च्युअलबॉक्सइतका सोपा नाही. आणि वाय-फायवर ब्रिज नेटवर्क (आतल्या विंडोजला नेटवर्कवर वेगळा पत्ता देणं) सरळ होत नाही, पण आपल्याकडं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालते, तिथं नॅट (बाहेरच्या लिनक्सचंच नेट आत वापरणं) पुरेसं आहे. नोम बॉक्सेस म्हणून याचाच सोपा चेहरा आहे, फक्त चाखून पाहायला ठीक, रोजच्या कामाला सेटिंग कमी पडतात.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांनाच फुकट आहे, धंद्यासाठीही. थ्रीडी ग्राफिक्स तिघांत यातच चांगलं, म्हणून पोरगं ऑटोकॅडसारखं काही शिकत असेल तर हे घ्या. डाउनलोडसाठी ब्रॉडकॉमवर खातं उघडावं लागते, आणि कर्नलबाहेरच्या ड्रायव्हरचं दुखणं इथंही तेच, नवा कर्नल आला की कधीकधी वाट पाहत बसा. टॅलीसाठी एवढं करायची गरज नाही.

म्हणजे रोज सकाळी दुकान उघडताच चालायलाच पाह्यजे असेल तर केव्हीएम आणि व्हर्ट-मॅनेजर, महिन्यातून दोनदा लागते किंवा मशीन इकडून तिकडं न्यायची आहे तर व्हर्च्युअलबॉक्स.

लाइटचं सांगतो. कापसाच्या सीझनमधे माझ्याकडं दुपारी लाइट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली, विंडोज आत चालू होतं, आणि परत सुरू केलं तर टॅलीचा डेटा खराब झालेला. स्नॅपशॉट (आतल्या मशीनची त्या वेळची जपून ठेवलेली स्थिती) होता म्हणून मी निवांत होतो, पण तो पंधरा दिवस जुना, मधली सगळी बिलं वह्यांवरून परत टाकली, बायको अन् मी दोन रात्री बसलो. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असते. टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर घ्या, आणि बॅटरी खाली जायच्या आधी विंडोज नीट शटडाउन करा, हे तिन्ही सॉफ्टवेअरला सारखंच लागू आहे.

आत विंडोज १० च ठेवायचं असेल तर त्याला नेट देऊ नका, किंवा लागेल तेवढंच द्या. बँक, ईमेल सगळं बाहेर लिनक्समधे. आणि आतल्या विंडोजलाही लायसन लागते बरं का.

आधीच व्हर्च्युअलबॉक्समधे सगळं बसवलेलं असेल तर परत पहिल्यापासून करायची गरज नाही. विंडोज पूर्ण बंद करा, व्हीडीआय फाइलची (व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्कची फाइल) कॉपी घ्या, क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट या कमांडने ती क्यूकाऊ२ मधे (केव्हीएमच्या डिस्क फाइलचा प्रकार) बदला आणि व्हर्ट-मॅनेजरमधे तीच डिस्क म्हणून द्या, सुरुवातीला डिस्कचा प्रकार साटा ठेवून, म्हणजे व्हर्टआयओ ड्रायव्हरशिवाय उघडते. जुनी फाइल लगेच पुसू नका, एक महिन्याची बिलं नव्या मशीनमधून निघेपर्यंत राहू द्या.